बीप वाजला, पण कशाचा?

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत शिरली आणि आत कुठेतरी अडकून बसली. नेमकी कुठे, हे कुणालाच कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टरांनी जखमेत बोटं आणि सळया घालून गोळी चाचपायला सुरुवात केली. हात धुवायला हवेत हे तेव्हाच्या बऱ्याच अमेरिकी डॉक्टरांना पटलेलं नव्हतं.

अशा वेळी अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला आले. टेलिफोनचं पेटंट घेऊन त्यांना पाचच वर्षं झाली होती. तारेची दोन वेटोळी अशी जुळवायची की एकाचा दुसऱ्यावरचा परिणाम शून्य व्हावा आणि टेलिफोनच्या कर्ण्यात शांतता राहावी. जवळ धातू आला की हा तोल ढळतो आणि गुणगुण ऐकू येते. ही कल्पना डेव्हिड ह्यूज यांनी दोन वर्षांपूर्वी मांडली होती. बेल यांनी तिचं घाईघाईने उपकरण बनवलं. यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अंगात घेऊन फिरणाऱ्या जुन्या सैनिकांवर ते तपासून पाहिलं. तिथे ते चाललं.

राष्ट्राध्यक्षांच्या पलंगाशी मात्र ते अडखळलं. २६ जुलैला अस्पष्ट आवाज आला. उपकरण सुधारून १ ऑगस्टला पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा आवाज एका जागी न येता मोठ्या पट्ट्यात पसरलेला होता. उपचारांची सूत्रं विलर्ड ब्लिस यांच्या हाती होती. (त्यांच्या आईवडिलांनी त्यांचं पहिलं नावच ‘डॉक्टर’ ठेवलं होतं, पुढे ते खरोखर डॉक्टर झाले, हा योगायोग म्हणायचा.) गोळी उजव्या बाजूला आहे अशी ब्लिस यांची पक्की समजूत होती आणि त्यांनी बेल यांना तीच बाजू तपासू दिली. पलंगाच्या गादीखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या, हे नंतर उघड झालं. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली.

बेल यांचं यंत्र खोटं बोललं नव्हतं. धातू होताच, भरपूर होता. फक्त तो गोळीचा आहे की गादीखालचा, आणि नेमक्या कोणत्या बिंदूखाली आहे, हे त्या गुणगुणीतून कुणाला वाचता आलं नाही. आज सव्वाशे-दीडशे वर्षांनंतर यंत्रं कितीतरी पट संवेदनशील झाली आहेत, त्यांना पडदे आले, आकडे आले. तरी ‘आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर यंत्र जितक्या सहज देतं, तितक्या सहज ‘कुठे?’ आणि ‘काय?’ यांचं देत नाही. ती दोन उत्तरं माणसाला काढावी लागतात. आणि ती किती काटेकोरपणे काढायची, हे चुकीची किंमत किती यावर ठरतं.

या यंत्राचं, म्हणजे आजच्या मेटल डिटेक्टरचं, काम आधी समजून घेऊ. दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीत दोन कॉइल असतात. एकीतून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे तिच्याभोवती तितक्याच वेगाने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातूची वस्तू आली की तिच्या अंगात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे लहान प्रवाह सुरू होतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि दुसरी कॉइल ते टिपते. म्हणजे डिटेक्टर धातू ‘पाहत’ नाही. तो धातूला क्षणभर विजेने चाळवतो आणि त्या चाळवण्याचा प्रतिसाद ऐकतो.

या प्रतिसादात दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे तो किती जोरात आला. दुसरी म्हणजे पाठवलेल्या लहरीच्या तुलनेत तो किती मागे रेंगाळला. या रेंगाळण्याला फेजमधला फरक म्हणतात. चांदीच्या किंवा तांब्याच्या जाड नाण्यात प्रवाह सहजासहजी विझत नाहीत, म्हणून प्रतिसाद बराच मागे राहतो. चॉकलेटच्या पातळ वेष्टनात ते लगेच मरतात, म्हणून फरक थोडा. लोखंडाची तऱ्हा निराळी. ते वीजवाहक आहेच, शिवाय स्वतः चुंबकित होऊन क्षेत्र आपल्याकडे ओढून घेतं, आणि त्यामुळे त्याचा प्रतिसाद बाकीच्यांपेक्षा वेगळ्या बाजूला पडतो. या फरकाचं यंत्र एका आकड्यात रूपांतर करतं. बऱ्याच यंत्रांवर हा आकडा ० ते ९९ असा असतो: तळाला लोखंड, मग पातळ पत्रे आणि वर्ख, मध्ये निकेल, पितळ, ॲल्युमिनियम, वरच्या टोकाला तांबं आणि चांदी. नवशिक्याला वाटतं, झालं, आता आकडा वाचायचा आणि खणायचं.

तसं होत नाही, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रातच आहे. तो आकडा धातूचा नसतो. धातू किती चांगला वाहक आहे, वस्तू किती मोठी, किती जाड आणि कोणत्या आकाराची आहे, या सगळ्यांचा मिळून तो एकच आकडा असतो. चार गोष्टींची बेरीज सांगितली तर त्यातली प्रत्येक किती हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून चेपलेला ॲल्युमिनियमचा डबा चांदीच्या रुपयाच्या तोऱ्यात बोलतो आणि चांदीची नाजूक चमकी वर्खाच्या आकड्यावर येते. यातली सगळ्यात कुप्रसिद्ध जोडी आहे सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याचं ओढून काढायचं झाकण. १९६० च्या दशकात अमेरिकेत ही झाकणं आली आणि लोकांनी ती अंगठीसारख्या कड्यासकट बागेत, किनाऱ्यावर, जिथे बसले तिथे फेकली. सोनं उत्तम वाहक असलं तरी दागिन्यात मिश्रधातू होऊन त्याची वाहकता उतरते. शिवाय अंगठी लहान असते. ॲल्युमिनियमचं कडंही लहानच. दोन्ही बेरजा जवळपास सारख्या येतात. ज्याने यंत्राला ‘झाकणं दाखवू नकोस’ असं सांगून ठेवलं, त्याने सोन्याच्या कित्येक अंगठ्यांवरून तबकडी फिरवून नेली आहे. आपल्याकडे झाकणांची जागा औषधी गोळ्यांची रिकामी पाकिटं घेतात.

आपल्या नाण्यांचंही असंच आहे. राणीच्या किंवा पंचम जॉर्जच्या छापाचा जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि चांदीचा. तो वरच्या आकड्यावर ठणठणीत वाजणार. तांब्याची जाड शिवराईसुद्धा वरच्याच घरात. पण आज खिशात असलेलं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे आणि त्याला चुंबक चिकटतो. लोखंड गाळायला सांगितलेलं यंत्र हे चलनी नाणं भंगारात काढू शकतं.

म्हणून अनुभवी माणूस आकड्याकडे सगळ्यात शेवटी पाहतो. आधी तो कानाने आणि मनगटाने काम करतो. ते काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू.

तबकडी जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, जमिनीला समांतर ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवायची. बहुतेक नवे लोक इथेच चुकतात: झोक्याच्या दोन्ही टोकांना हात वर जातो, तबकडी कलते आणि आवाज वस्तूच्या जागी न येता बाजूला येतो. बीप वाजला की थांबायचं आणि त्याच जागेवरून उलट दिशेने तबकडी न्यायची. दोन्ही दिशांनी सारखाच, कडा स्वच्छ असलेला आवाज आला तर पुढे जायचं. एका बाजूने वाजून दुसरीकडून गप्प बसणारा आवाज बहुधा लोखंडाचा असतो. मग स्वतः पाव वर्तुळ चालून जायचं आणि पहिल्या रेषेला काटकोनात दुसरी रेषा मारायची. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे वस्तू. हे अगदीच बाळबोध वाटतं, पण या काटकोनातून ओळखही मिळते. नाणं गोल असल्यामुळे कुठूनही आलं तरी आकडा फारसा हलत नाही. खिळा एका दिशेने नाण्याची बतावणी करतो आणि काटकोनात गेलं की उघडा पडतो: आकडा घसरतो, आवाज तुटतो, कधी दोन्ही टोकांशी दोनदा वाजतो.

एक अडचण अशी की बहुतेक यंत्रं तबकडी हलत असतानाच बोलतात. जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद गाळून टाकण्यासाठी ती फक्त झपाट्याने बदलणारा सिग्नल पकडतात. तुम्ही वस्तूवर येऊन थांबलात की ती गप्प. म्हणून नेमकी जागा काढण्यासाठी वेगळं बटण असतं. ते दाबलं की ही गाळणी बंद होते आणि तबकडी स्थिर असली तरी आवाज चालू राहतो, केंद्राकडे गेलं की वाढतो. मुरलेले लोक यात एक युक्ती करतात. वस्तूच्या जवळ, पण अगदी वर नाही, अशा ठिकाणी बटण सोडून पुन्हा दाबायचं. यंत्र त्या ठिकाणचा आवाज शून्य धरतं आणि मग फक्त त्याहून जोराचा भाग, म्हणजे केंद्राजवळचा, ऐकू येतो. एक-दोनदा असं केलं की ताटाएवढा डाग नाण्याएवढा होतो.

तबकडीच्या आतल्या रचनेवरही बरंच अवलंबून असतं. एकात एक बसवलेल्या गोल कॉइलींमध्ये सर्वांत तीव्र जागा मध्यभागी असते. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन कॉइली पाठीला पाठ लावून बसवलेल्या तबकडीत मात्र ती पुढून मागे जाणारी एक अरुंद पट्टी असते. अशी तबकडी डावं-उजवं अचूक सांगते आणि पुढे-मागे गोंधळवते. तेव्हा तिला थोडं थोडं डावं-उजवं हलवत मागे ओढत आणायचं. आवाज ज्या क्षणी तुटतो, तेव्हा वस्तू तबकडीच्या पुढच्या टोकाखाली असते.

खोलीचा अंदाज हा यातला सगळ्यात फसवा भाग. पडद्यावर ‘१५ सेंमी’ वगैरे जे दिसतं ते वस्तू नाण्याएवढी आहे असं गृहीत धरून काढलेलं असतं. लहान वस्तू तबकडीपासून बऱ्यापैकी लांब असेल तर तिचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो: अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टपट क्षीण. जाताना क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने विरळ होतं आणि परत येताना पुन्हा तसंच, म्हणून हा सहावा घात. एवढ्या घसरणीमुळेच हातातल्या साध्या यंत्राला नाणं वीत-सव्वा वीत खोलीपलीकडे ऐकू येत नाही, आणि ‘दहा फुटांवरचं सोनं दाखवतो’ म्हणून विकली जाणारी यंत्रं नाण्या-दागिन्यांच्या बाबतीत शुद्ध थाप असतात. खोल पुरलेला मोठा पत्रा मात्र वर पडलेल्या नाण्याचं सोंग घेऊ शकतो. ते ओळखायला तबकडी वीतभर उचलून पाहायची. नाण्याचा आवाज लगेच विरतो; पत्र्याचा टिकून राहतो.

एवढं झाल्यावर खुरपं हातात घ्यायचं. हिरवळ असेल तर तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूला बिजागरीसारखी तशीच ठेवायची, म्हणजे नंतर ती परत बसते आणि जगते. खड्ड्यात आणि निघालेल्या मातीत पेनाएवढा हातडिटेक्टर, म्हणजे पिनपॉइंटर, फिरवायचा. वस्तू सापडली तरी खड्डा पुन्हा तपासायचा, कारण नाणी एकेकटी पडतात तशी जोडीनेही पडतात. कधी उलटंही होतं: वर ठणठणीत वाजलेला सिग्नल खणल्यावर गायब. जुनं लोखंड गंजून भोवतालच्या मातीत उतरलेलं असतं. ती माती विस्कटली की त्याचा मोठेपणा संपतो आणि हाती येतो एक कुजका खिळा.

जमीन स्वतःही गप्प बसत नाही. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाचा बनलेला आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त चुंबकीय खनिज असतं. कोकण-गोव्याचा जांभा लोहाच्या ऑक्साइडांनी लाल झालेला. इंग्लंडच्या खडूच्या जमिनीत शांतपणे चालणारं यंत्र अशा मातीत एकसारखं कण्हत राहतं. त्यासाठी तबकडी जमिनीवर वर-खाली हलवत यंत्राचा ‘शून्य’ त्या मातीशी जुळवावा लागतो, आणि पन्नास पावलांवर माती बदलली की पुन्हा. काही दगड भोवतालच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असतात. ते हुबेहूब धातूसारखे वाजतात. समुद्राच्या ओल्या वाळूत मीठच वीज वाहून नेतं. तिथे आणि जांभ्यात वेगळ्या पद्धतीची यंत्रं बरी पडतात. ती चुंबकीय क्षेत्राचा एक झटका देऊन थांबतात आणि वस्तूतला प्रवाह किती वेगाने विझतो ते मोजतात. खोली मिळते, माती कमी त्रास देते, पण लोखंड की सोनं हे त्यांना नीट सांगता येत नाही. या धंद्यात एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने द्यावं लागतं.

आणि गर्दी. जुन्या वस्तीच्या जागी हातभर जमिनीत पाच-सहा खिळे आणि एखादं नाणं असतं. लोखंड गाळायला सांगितलं की यंत्र खिळ्यापाशी आवाज दाबतं, आणि त्याच क्षणात शेजारचं नाणंही दबतं. ढोल-ताशाच्या पथकात कुणी पावा वाजवावा तशी त्या नाण्याची गत. त्यावर उपाय म्हणजे लहान तबकडी आणि सावकाश हात. मोठी तबकडी खोल जाते, पण सगळ्यांना एकदम कवेत घेऊन कुणालाच वेगळं सांगत नाही.

इथवर चुकीची किंमत पाच मिनिटांची खणाखणी एवढीच होती. आता ती वाढते.

दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधायचे म्हणजे संगिनीने जमीन टोचत पुढे सरकायचं. १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये असलेल्या पोलिश सैन्यातले लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात घेऊन चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. त्याचं वजन जवळपास १४ किलो होतं. १९४२ च्या शरदात अल अलामीनच्या लढाईत असे ५०० शोधक वापरले गेले आणि सुरुंगक्षेत्रं साफ करण्याचा वेग दुपटीच्या आसपास गेला. कोसात्स्की यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांना ब्रिटनच्या राजाचं आभाराचं पत्र मिळालं.

तेव्हाचे बरेचसे सुरुंग म्हणजे लोखंडाच्या थाळ्या होत्या. पुढे ते प्लॅस्टिकचे झाले आणि त्यात धातू उरला तो एखादी टाचणी, एखादी लहान स्प्रिंग. तेवढं ऐकायचं तर यंत्र इतकं संवेदनशील ठेवावं लागतं की प्रत्येक काडतूस, प्रत्येक तारेचा तुकडा, प्रत्येक टिनचं झाकण ओरडतं. कंबोडियात १९९२ ते १९९८ या काळात सुमारे २० कोटी वस्तू खणून काढल्या गेल्या; त्यातल्या सुरुंग किंवा इतर स्फोटकं होत्या सुमारे ५ लाख. म्हणजे हजारातल्या दोन-तीन. बाकी सगळं भंगार. तरीही ‘हा खिळाच असणार’ असं म्हणून एकही सिग्नल सोडता येत नाही. हौशी माणसाचा सगळा शहाणपणा, आकडे, लोखंड गाळणं, हे इथे निषिद्ध आहे. सुरुंग काढणारा ओळख यंत्राकडून मागतच नाही. तो फक्त जागा मागतो, आणि ती मात्र अतिशय नेमकी. चारी बाजूंनी तबकडी सावकाश आत आणत, आवाज जिथे सुरू होतो तिथे तिथे खूण करायची. खुणांच्या मध्ये केंद्र. मग केंद्रापासून सुरक्षित अंतर मागे येऊन, आपल्या बाजूने, तिरकं टोचत आणि माती खरवडत वस्तूच्या कडेपर्यंत पोहोचायचं. वरून कधीच नाही, कारण सुरुंगाची दाबाची जागा वर असते. केंद्र चार बोटं चुकलं तर हत्यार कडेऐवजी माथ्यावर पडेल.

हजार वेळा भंगार काढून झाल्यावरही हजार एकाव्या बीपला तीच काळजी घेणं हेच या कामातलं खरं अवघड आहे, असं मला वाटतं. यंत्र सुधारून ते सोपं होत नाही. म्हणूनच धातूला बगल देणारे मार्ग शोधले गेले. कंबोडियात मगावा नावाच्या आफ्रिकी उंदराने स्फोटकाच्या वासावरून १०० हून जास्त सुरुंग आणि इतर स्फोटकं दाखवली, आणि २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या पीडीएसए या प्राणीसंस्थेचं सुवर्णपदक मिळालं. त्याला खिळ्यांचं काहीच सोयरसुतक नव्हतं.

तिसऱ्या प्रकारची किंमत समजायला अमेरिकेतल्या माँटाना राज्यात जावं लागेल. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लेफ्टनंट कर्नल कस्टर आणि त्यांच्यासोबतच्या तुकडीतले सगळे सैनिक लाकोटा आणि शायान या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांकडून मारले गेले. कस्टर यांच्या तुकडीतला एकही सैनिक सांगायला उरला नाही. योद्ध्यांच्या साक्षींकडे गोऱ्या इतिहासकारांनी शंभर वर्षं फारसं लक्ष दिलं नाही. १९८३ मध्ये रणभूमीवरचं गवत वणव्यात जळून गेलं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी तिथे मेटल डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांची रांग चालवली. तोवर पुरातत्त्वज्ञ या लोकांना चोरच समजत. ते पूर्ण खोटंही नव्हतं. इथे शिस्त अशी होती: डिटेक्टरवाल्याने बीप आला की तिथे झेंडी रोवायची आणि पुढे जायचं. मागून येणाऱ्या गटाने हलक्या हाताने माती काढून वस्तू उघडी करायची, पण उचलायची नाही. त्यामागून येणारा गट तिची जागा, खोली आणि दिशा मोजून नकाशावर घेणार. मगच ती पिशवीत.

हजारो वस्तू निघाल्या, त्यातली बरीचशी काडतुसांची रिकामी टरफलं आणि गोळ्या. टरफलावर बंदुकीच्या घोड्याच्या टाचणीचा ठसा उमटतो आणि तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. पोलिसांच्या प्रयोगशाळेत खुनाच्या तपासात करतात तसंच इथे केलं गेलं. एकाच बंदुकीची टरफलं या टेकाडावर चार आणि त्या उतारावर दोन सापडली की ती बंदूक, म्हणजे ती हातात धरलेला माणूस, कुठून कुठे गेला ते दिसतं. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरच्या भराभर गोळ्या सोडणाऱ्या बंदुका मोठ्या संख्येने होत्या, हे टरफलांनी सिद्ध केलं. शेवटच्या क्षणापर्यंत शिस्तीत लढलेल्या वीरांचं जे चित्र शंभर वर्षं भिंतींवर टांगलं होतं, त्याच्या जागी फॉक्स यांना दिसली फळी मोडून पांगलेली फौज. योद्ध्यांनी तेच तर सांगितलं होतं.

ही टरफलं सुटी विकायला काढली असती तर एकेकाला चहा-बिस्किटांचे पैसे मिळाले असते. त्यांचं सगळं मोल ती जिथे पडली होती त्या जागेत होतं. जागा हरवली की काय होतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. मिळून ६० किलोंहून जास्त वजनाचे. त्यांच्या तोडीचं काही महाराष्ट्रात क्वचितच मिळालं आहे. पण ते पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात, थराथराने खणताना निघाले नाहीत, त्यामुळे त्यांचा काळ कोणता यावर अभ्यासकांत वाद झाला. त्या शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. त्याने डिटेक्टर घेऊन शोधाशोध केली नव्हती.

डिटेक्टर हातात असलेल्याची गोष्ट वेगळी. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत शेतात फिरत होते. जोरदार सिग्नल मिळाला. खणलं तर चमचे, दागिने, सोन्या-चांदीची नाणी. काही काढल्यावर ते थांबले, जमीनमालकांना आणि पोलिसांना कळवलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागच्या जागी, पेटीतल्या मांडणीसकट उचलला. रोमन काळाच्या अखेरची सुमारे १५ हजार नाणी निघाली. लाकडाची पेटी केव्हाच कुजली होती, पण आत काय कशाशेजारी ठेवलं होतं ते त्यामुळे कळलं. लॉज यांना त्याबद्दल १७ लाख ५० हजार पौंड मिळाले. त्यांनी त्यातला वाटा शेतकऱ्याला दिला. हातोडाही सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे जमिनीखालच्या धनाला आधी मांत्रिक भेटतो. पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं ही समजूत अजून गेलेली नाही, आणि तिच्यापायी इतके अघोरी प्रकार घडले की २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. आता मांत्रिकाच्या जोडीला ऑनलाइन मागवलेला डिटेक्टर आला आहे. किल्ल्यांवर आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर तो घेऊन फिरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. इतरत्र सहज काही सापडलं तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर तो काय आहे, कुठे सापडला आणि कोणत्या दिवशी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.